शेवटच्या माणसाला ऐकू येतंय का?

वाचकांचे प्रश्न : पडद्यामागची यंत्रणा

मागच्या अंकात एका साहित्य संमेलनाच्या पाच कॅमेऱ्यांच्या थेट प्रक्षेपणाबद्दल लिहिलं होतं. त्यात इंटरकॉमबद्दल एकच वाक्य होतं : 'आता आम्ही नेटवर्कवर चालणारा डिजिटल इंटरकॉम वापरतो.' त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी बाकीच्या सगळ्या लेखावर आली नाहीत. निपाणी, चिकोडी, खानापूर, येळ्ळूर आणि खुद्द बेळगावातल्या गल्ल्यांतून आली. म्हणून या वेळचं सदर त्यालाच दिलंय.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. कार्यक्रम चालू असताना दिग्दर्शक, कॅमेरावाले, लाइटवाला, साउंडवाला, विंगेतला पडदेवाला आणि लांब जनरेटरपाशी बसलेला माणूस, हे सगळे हेडसेटवरून एकमेकांशी बोलत असतात. कमरेला लावायची जी डबी असते ती बेल्टपॅक. ही सगळी व्यवस्था म्हणजे इंटरकॉम. शहापुरात आमच्या वडिलांचं मंडप आणि लाऊडस्पीकरचं दुकान होतं. बारावीनंतर मी तिथं बसायला लागले, तेव्हा आमचा इंटरकॉम म्हणजे हातातली बॅटरी होती. दोनदा उघडझाप केली की सुरू, एकदा लांब धरली की थांबा. आज माझ्याकडे चौदा बेल्टपॅक आहेत, तरी कार्यक्रमाआधी मी तेच बघते जे वडील बघायचे : सगळ्यात लांब उभ्या असलेल्या माणसाला खूण पोचते का.

निपाणीहून एक वाचक : आमच्या ग्रुपकडे जुना ॲनालॉग इंटरकॉम आहे, आठ बेल्टपॅक. डिमर (दिवे मंद-तेज करणारी यंत्रं) चालू झाले की लाइनवर घुंऽऽ असा आवाज येतो. मधल्या एकाची केबल निघाली की त्याच्या पुढचे सगळे गप्प. सगळे म्हणतात, नेटवर्कवाला डिजिटल घ्या. घ्यावा काय? जुना भंगारात घालावा काय?

भंगारात अजिबात घालू नका. ज्या पद्धतीचा तुमचा इंटरकॉम आहे, ती क्लिअर-कॉम या कंपनीनं १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात रॉक संगीताच्या कार्यक्रमांसाठी सुरू केली. एवढ्या गोंगाटात एकमेकांचं ऐकू येत नव्हतं, म्हणून. इतकी वर्षं ती टिकली ती साधेपणामुळे. नेहमीची तीन पिनांची माइकची केबल. पहिल्या पिनेवर ग्राउंड, दुसरीवर ३० व्होल्ट वीज, तिसरीवर सगळ्यांचा आवाज. वीज आणि बोलणं एकाच केबलमधून, एका डबीतून पुढच्या डबीत.

तुमचं घुंऽऽ इथंच जन्मतं. माइकचा आवाज दोन तारांवरून उलटसुलट जातो, त्यामुळे वाटेत शिरलेला गोंगाट शेवटी वजा होतो. इथं आवाजाला एकच तार आहे आणि तिचा जोडीदार ग्राउंड. ग्राउंडमध्ये जे शिरेल ते थेट कानात. तेव्हा पैसे खर्च करायच्या आधी एक संध्याकाळ खर्च करा. इंटरकॉमची केबल डिमरच्या केबलला चिकटून धावते काय ते बघा. धावत असेल तर हातभर लांब घ्या, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडा. प्रत्येक कनेक्टर उघडून पहिली पिन बाहेरच्या पत्र्याला कुणी सोल्डर केली आहे काय ते बघा. तशी असेल आणि कनेक्टर दिवे टांगायच्या लोखंडी ट्रसवर टेकला, की तिथून दुसरं अर्थिंग लाइनमध्ये आलंच. बेसची, म्हणजे सगळ्या डब्यांना वीज पुरवणाऱ्या मुख्य पेटीची, वीज साउंडच्या फेजवरून घ्या, लाइटच्या नको. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा घुंऽऽ इथंच जातं.

आता नेटवर्कवाला. त्यात प्रत्येक बेल्टपॅक म्हणजे छोटा संगणक. तुम्ही बोललात की तुमच्या आवाजाचे सेकंदाला सहसा ४८,००० आकडे होतात. ते आकडे पाकिटांत भरून नेटवर्कच्या स्विचकडे, म्हणजे सगळ्या केबल जिथं जोडतात त्या पेटीकडे, जातात आणि ज्याच्यासाठी असतील त्याच्याच डबीत उघडतात. केबल संगणकाची साधीच, कॅट-५ई किंवा कॅट-६. तिच्यातूनच वीजही जाते, त्याला पीओई म्हणतात. वाटेत आकड्यांत घुंऽऽ मिसळत नाही. खरा फायदा मात्र दुसरा आहे. जुन्या पद्धतीत जेवढे चॅनेल तेवढ्या तारा. इथं तारेचा आणि गटांचा संबंधच तुटतो. कॅमेऱ्यांचा एक गट, लाइटचा एक, स्वयंसेवकांचा एक, आणि दिग्दर्शकाला हवा तेव्हा फक्त तीन नंबरच्या कॅमेऱ्याशी बोलायला वेगळं बटण. हे सगळं संगणकावर ठरवायचं, केबलला हात न लावता. काही पद्धतींत मधे एक बेस लागतो, क्लिअर-कॉमच्याच हेलिक्सनेटसारखा. काहींत मध्यवर्ती यंत्रच नसतं, प्रत्येक डबीला सगळी मांडणी पाठ असते, नेदरलँड्सच्या ग्रीन-गोसारखी. मोठाल्या स्टेडियममध्ये जर्मनीच्या रीडेलचं आर्टिस्ट दिसतं. ते आपल्या आवाक्याबाहेरचं आहे आणि आपल्याला लागतही नाही.

पण जुन्यात एक केबल निघाली की पुढचे चारजण गप्प होतात. नव्यात एक चूक झाली की सगळे गप्प. हे मी सोसलंय. एका गावच्या यात्रेतलं नाटक, दुसरा अंक, पावणेदहाची वेळ. आमच्या एका मुलाला स्विचच्या पेटीत एक सुटं टोक लोंबताना दिसलं. मुलगा नीटनेटका, त्यानं ते रिकाम्या छिद्रात खोचलं. त्या केबलचं दुसरं टोक त्याच स्विचमध्ये होतं. पाकिटं गोल गोल फिरायला लागली, एकाची दोन, दोनाची चार, आणि अर्ध्या मिनिटात चौदा कान बंद. हेडसेटमध्ये गोंगाट नाही, खरखर नाही, काहीच नाही. ॲनालॉग मरताना ओरडतो, डिजिटल मरताना कळतही नाही. मी मिक्सरपासून विंगेपर्यंत प्रेक्षकांच्या कडेनं वाकून पळाले आणि पुढचे तीन क्यू, म्हणजे 'आता कर' या खुणा, हातानं खांदा दाबून दिले. सापडायला अकरा मिनिटं लागली. त्या मुलाला मी रागावले नाही. रिकामी छिद्रं उघडी ठेवली होती ती मी.

तेव्हापासून रिकाम्या प्रत्येक छिद्रावर चिकटपट्टी असते. आणि स्विच घ्यायचा तो 'मॅनेज्ड'च, म्हणजे ज्याची मांडणी संगणकावरून बदलता येते तो. त्यात स्पॅनिंग ट्री नावाची सोय असते, ती असा फेरा दिसला की एक दार आपणहून बंद करते. ती चालू करा. वीज वाचवणारं 'एनर्जी एफिशियंट इथरनेट' बंद करा, कारण ते मधेमधे डुलकी घेतं आणि आवाज तुटतो. आवाजाच्या पाकिटांना प्राधान्य देणारी क्यूओएस लावा. मंडपातले सीसीटीव्ही, पाहुण्यांचं वायफाय आणि प्रक्षेपणाचा इंटरनेट राउटर यांतलं काहीही या स्विचला जोडू नका, तो फक्त इंटरकॉमचा. आणि त्याला यूपीएस द्याच. जनरेटर बदलताना दोन सेकंद वीज जाते, पण स्विच परत उठायला दोन-दोन मिनिटं घेतो.

पीओईचा हिशेबही करून घ्या. साध्या पीओईत एका छिद्रातून १५.४ वॅटपर्यंत वीज देता येते. आठ छिद्रांना पूर्ण द्यायची तर १२३ वॅट लागतील. स्वस्त स्विचवर आठ छिद्रं असतात आणि खाली बारीक अक्षरांत एकूण ६० वॅट लिहिलेलं असतं. बेल्टपॅक किती घेतो ते त्याच्या कागदावर बघा आणि बेरीज करा.

तुमच्यासाठी माझं मत : आठ माणसं, एक रंगमंच, एकच संवाद असेल तर जुनाच दुरुस्त करून वापरा. पाच कॅमेरे नियमित होणार असतील तर कॅमेऱ्यांपुरते नेटवर्कवाले चार-पाच बेल्टपॅक घ्या आणि जुनी लाइन रंगमंचासाठी ठेवा. दोन्ही जोडायला टू-वायर इंटरफेस मिळतो. त्यावर 'नल' नावाची जुळणी असते. जुन्या लाइनवर जाणं-येणं एकाच तारेवर असल्यामुळे पाठवलेला आवाज परत फिरतो, तो ती कापते. सगळ्या डब्या जोडून झाल्यावरच ती करा, एक डबी वाढली तरी परत करा. नाहीतर दिग्दर्शकाला स्वतःचंच बोलणं विहिरीत ओरडल्यासारखं ऐकू येतं.

चिकोडीहून : केबलची ३०५ मीटरची पेटी आणली. सत्तर मीटरवर बेल्टपॅक आपोआप बंद पडून पुन्हा चालू होतो. शंभर मीटर चालते असं ऐकलं होतं. बेल्टपॅक खराब आहे काय?

बेल्टपॅकला दोष देण्याआधी ब्लेड घ्या. केबलचं टोक सोला, आत आठ बारीक तारा दिसतील. नारिंगीवरचं प्लॅस्टिक काढा आणि उघड्या तारेवर ब्लेड हळूच घासा. आतपर्यंत तांबूसच दिसली तर तांबं. घासल्यावर खाली पांढरी चमक दिसली तर ॲल्युमिनियम, वर नुसता तांब्याचा मुलामा. दुसरी खूण म्हणजे तीच तार चार-पाच वेळा मागंपुढं वाकवा. ॲल्युमिनियम लवकर कटकन तुटतं. पेटी उचलतानाही ती हलकी लागलेली असणार.

ॲल्युमिनियम वीज तांब्याच्या साधारण ६० टक्केच वाहून नेतं. जवळ असताना चालतं, लांब गेलं की वाटेतच व्होल्टेज पडतं. कुणी बोलायचं बटण दाबलं, दिवा लागला, तेवढ्या जादा मागणीला डबी बसते आणि पुन्हा उठते. अशी एक पेटी मीही एकदा आणली होती. पेटीवर कॅट-६ छापलेलंच होतं. दुकानाचं नाव घेत नाही, पण आता मी पेटी फोडून, टोक घासूनच पैसे देते, आणि कुणी वाईट वाटून घेत नाही.

आणखी एक. पेटीतली केबल भिंतीत एकदा घालून विसरायची असते, तिची तार एकसंध असते. रोज गुंडाळायची-सोडायची असेल तर अनेक बारीक तारांची लवचिक केबल घ्या. तिच्यात पूर्ण १०० मीटर मिळत नाहीत, पण ती वर्षभर टिकते. कनेक्टर तिच्यासाठीचाच घ्या आणि त्यावर धातूचं कवच येतं ते बसवा. प्लॅस्टिकची ती जीभ आपल्या मैदानावर एका रात्रीत मोडते. १०० मीटरच्या पलीकडे जायचं असेल तर मधे स्विच, नाहीतर सरळ फायबर. दोन टोकांना दोन वेगळे जनरेटर असतील तर मी फायबरच टाकते, काचेतून अर्थिंगचा करंट जात नाही.

खानापूरहून : एवढा खर्च कशाला? मोबाइलवर कॉन्फरन्स कॉल लावला तर? किंवा वॉकी-टॉकी?

मोबाइलचं नको. तुमच्याकडे जंगलाच्या बाजूला रेंज येते-जाते हे तुम्हीच जाणता, आणि जिथं रेंज असते तिथं यात्रेच्या गर्दीत ती बसते. शिवाय कॉलवर आवाज अर्धा सेकंदही मागे राहू शकतो. 'सोड' म्हटल्यावर अर्ध्या सेकंदानं दिवा गेला तर प्रेक्षकाला नटाचं चुकलं असं वाटतं.

वॉकी-टॉकी पार्किंग आणि गेटवरच्या स्वयंसेवकांना उत्तम. क्यूसाठी नाही, कारण एकजण बोलत असताना दुसऱ्याला 'थांब' म्हणता येत नाही. घेताना परवानामुक्त ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचाच घ्या. बाजारात इतर पट्ट्यांचे सर्रास मिळतात, पण त्यांना परवाना लागतो.

बेळगाव, टिळकवाडीहून : माझा भाचा अमेरिकेतून वायरलेस इंटरकॉमचा सेट आणतोय, १.९ गिगाहर्ट्झचा. तिकडे परवाना लागत नाही म्हणतो. इथं चालेल ना?

त्याला आजच फोन करा आणि आणू नको म्हणून सांगा. हे सेट डेक्ट नावाच्या पद्धतीवर चालतात, म्हणजे घरातल्या कॉर्डलेस फोनचीच पद्धत. पण तिचा पट्टा देशागणिक वेगळा आहे. युरोपात १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ, अमेरिकेत १९२० ते १९३०. आपल्याकडे १९२० पासून वरचा पट्टा मोबाइल कंपन्यांचा आहे. आपले फोन टॉवरकडे बोलतात ते तिथूनच. तुमच्या सेटनं टॉवरचा कान बधिर होईल, आणि गर्दीतल्या फोनांनी तुमचा सेट. वरून तो बेकायदा. डबी तशीच दिसते, नावही तेच असतं, म्हणून ही फसगत होते.

इथलाच घ्या, आणि विक्रेत्याकडे त्या मॉडेलचा दूरसंचार खात्याचा ईटीए म्हणजे उपकरण-मंजुरीचा कागद मागा. दाखवत नसेल तर उठा. भाच्याचं मन मोडायचं नसेल तर त्याला चांगले हेडसेट आणायला सांगा, दोन्ही कान झाकणारे. त्यांना कुठल्याच देशाचा परवाना लागत नाही. फक्त तुमच्या बेल्टपॅकचा सॉकेट चार पिनांचा आहे की पाच, ते आधी बघून कळवा.

बेळगावातल्या एका गल्लीचं शिवजयंती मंडळ : चित्ररथावर सजीव देखावा करतो. वायरलेस हेडसेट भाड्यानं आणले. गल्लीत सराव करताना झकास, मिरवणूक मुख्य रस्त्यावर आली की तुटक तुटक. का?

गल्लीत तुम्ही वीसजण होता, रस्त्यावर हजारो. माणसाच्या शरीरात निम्म्याहून जास्त पाणी, आणि पाणी या लहरी गिळतं. तुमचा बेस ट्रॉलीच्या फळीवर ठेवलेला असणार, भोवती पत्रा, देखाव्याच्या गडाची लोखंडी चौकट, आणि पलीकडे माणसांची भिंत. सेट २.४ गिगाहर्ट्झचा असेल तर प्रत्येक खिशातलं वायफाय आणि ब्लूटूथही त्याच पट्ट्यात भांडतं.

उपाय दोन. अँटेना माणसांच्या डोक्यांच्या वर घ्या, चौकटीला बांधलेल्या काठीवर, पण रस्त्यावरच्या विजेच्या तारांचा हिशेब ठेवूनच. जिथं तुमचा गडाचा बुरूज संपतो त्याच्या वर काहीही जाऊ देऊ नका. हे मी हात जोडून सांगते. दुसरं म्हणजे ट्रॉलीवर जे जे एका जागी बसलेत त्यांना वायर द्या. साउंडवाला, लाइटवाला आणि मागच्या ट्रॉलीवरचा जनरेटरवाला हलत नाहीत, त्यांना वायरलेस कशाला? एक छोटा स्विच, तीन केबल. मागच्या ट्रॉलीकडे जाणारी केबल जोडसाखळीच्या वर झोळ ठेवून बांधा, म्हणजे वळणावर ताणणार नाही. वायरलेस फक्त चालत जाणाऱ्या दोघांना.

आता ट्रॅक्टरचा चालक. सगळ्यात लांबचा माणूस तोच, जरी तो दहा फुटांवर असला. इंजिनाचा आवाज, पुढच्या मंडळाचे स्पीकर, मागच्या मंडळाचे ढोल. त्याला बहुतेक मंडळं हेडसेट देतच नाहीत, कुणीतरी पत्र्यावर थाप मारतो आणि तो गाडी हलवतो. वर पोरं तलवारी उगारून बुरुजावर उभी असतात. एका झटक्यात खाली येतील. त्याला हेडसेट द्या, पण एका कानाचा, कारण दुसरा कान रस्त्याला हवा. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांवर, नाहीतर इंजिनच ऐकू येईल. आणि नियम असा ठेवा की 'गाडी हलव' म्हटल्यावर त्यानं तेच शब्द परत म्हणायचे, मग वरच्या पोरांपैकी एकानं 'धरलंय' म्हणायचं, मगच क्लच सुटेल. बॅटरीच्या उघडझापीच्या काळातही वडील चालकाकडून हात वर करून घ्यायचे. तो दिसल्याशिवाय ते पुढची खूण करत नसत.

पुन्हा खानापूर तालुक्यातून, नाट्यमंडळाच्या एक दिग्दर्शिका : आमचा लाइटवाला गोकाकचा, कन्नड बोलतो. पडद्यावरची मुलं इथली. कॅमेरावाला कोल्हापूरचा. लाइनवर कुठली भाषा ठेवावी?

ताई, हा प्रश्न यंत्रापेक्षा मोठा आहे आणि तुम्ही विचारलात म्हणून मला फार बरं वाटलं. सगळीकडे 'स्टँडबाय' आणि 'गो' शिकवतात. आम्हीही तेच वापरायचो. तुमच्याच भागातल्या एका गावात प्रयोग होता. लाइनवर कपडेपटातली बाई होती, तिनं शेजारणीला विचारलं, "काय गो, पदराची पिन खंय गेली?" बटण दाबलेलंच राहिलं होतं. लाइटवाल्याला एवढंच कळलं : गो. रंगमंच काळा. नायिका वाक्याच्या मधे.

आपल्या भागात, चंदगडकडे, खाली कोकणात, बाईला हाक मारताना 'गो' येणारच. तो शब्द माणसांच्या तोंडातून काढता येत नाही, मग यंत्रणेतून काढायचा. त्यात कन्नडमध्ये 'होगु' म्हणजे जा, आणि मराठी माणूस दर वाक्याला 'हो' म्हणतो. म्हणून आम्ही 'तयार' आणि 'सोड' ठरवलं. आमच्या लाइटवाल्यानं त्याच्या भाषेतला 'बिडु' जवळचा म्हणून 'सोड' लगेच उचलला. थांबवायचं तर 'थांब'. 'सोडू नको' हे लाइनवर कधीही म्हणायचं नाही. का ते सांगते. बऱ्याच डब्यांत आवाज आला की माइक आपोआप उघडण्याची सोय असते, तिला व्हॉक्स म्हणतात. ती जागी होईपर्यंत पहिला तुकडा गिळला जातो. तुम्ही घाईत 'नको सोडू' म्हणालात की पलीकडे पोचतं फक्त 'सोडू'. व्हॉक्स बंदच करा आणि बटण दाबून, श्वास घेऊन, मग बोला.

आकड्यांचंही तसंच. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास, आवाजात सारखेच वाटतात आणि आपल्याच पोरांना आता सुधरत नाहीत, तर गोकाकच्या माणसानं काय करावं? आम्ही अंक सुटे म्हणतो. 'लाइट तीन-नऊ, तयार.' तो म्हणतो, 'तीन-नऊ.' मग मी : 'लाइट तीन-नऊ... सोड.' 'सोड' सगळ्यात शेवटी, कारण तो ऐकला की हात हलतो.

बाकी गप्पा ज्या त्या भाषेत होऊ देत. मध्यंतरात आमच्या लाइनवर कन्नड, मराठी, कोंकणी सगळं चालतं आणि ते मला आवडतं. फक्त तिसरी घंटा झाली की शब्द तीनच.

बेळगावातील पॉलिटेक्निकचा एक विद्यार्थी : दान्ते आणि इंटरकॉम एकच का? आणि एवढे सगळे संगणक एकाच वेळी कसे चालतात?

एकच नाही, बाळा. दान्ते ही ऑस्ट्रेलियातल्या ऑडिनेट कंपनीची, नेटवर्कवरून आवाज वाहून नेण्याची पद्धत. ती रस्ता आहे. कोणाचं बटण कोणाकडे जाईल, बोलावण्याचा दिवा कधी लागेल, स्वतःचा आवाज स्वतःला किती ऐकू यावा, हे इंटरकॉमचं काम. काही कंपन्या त्या रस्त्यावर चालणारे बेल्टपॅक बनवतात, काहींचा स्वतःचा रस्ता आहे. वेगवेगळ्या रस्त्यांना जोडणारं एईएस-६७ हे प्रमाण २०१३ साली आलं, तेव्हा खरेदीच्या कागदावर ते आहे का हे बघायची सवय लाव.

एकाच वेळी चालण्याचं उत्तर तुला भजनात सापडेल. दहा टाळकरी एकमेकांकडे बघून वाजवत नाहीत, सगळ्यांचा कान पखवाजाकडे असतो. नेटवर्कवर एक यंत्र पखवाज होतं आणि सतत वेळ सांगत राहतं, त्या पद्धतीचं नाव पीटीपी. ते यंत्र बंद पडलं तर दुसरं आपणहून पुढे येतं. दान्तेवर सहसा एक मिलिसेकंदाचा उशीर ठेवतात. तेवढ्या वेळात हवेतला आवाज जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे माणूस दीड वीत मागं सरकून बोलला तर जेवढा फरक पडेल, साधारण तेवढाच. वायफायवरून मात्र हे करायला जाऊ नकोस, वेळ पाळणं त्याला जमत नाही.

येळ्ळूरहून एक मुलगी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला : मला क्यू देण्याचं काम शिकायचंय. पुण्याला कोर्स आहेत, घरचे पाठवत नाहीत. बेळगावात कुठं शिकता येईल?

संपादकांकडे पत्ता ठेवलाय, त्यांच्याकडून घे आणि घरच्यांना घेऊन ये. या हिवाळ्यात आमची गावोगावची कामं आहेत, रात्री अकरापर्यंत परत सोडण्याची जबाबदारी माझी. नाटकाची संहिता, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन यायचं, पेन नको, क्यू बदलत राहतात. माझ्या शेजारी दुसरा हेडसेट जोडून ठेवते. पहिले चार प्रयोग बटणाला हात लावायचा नाही, फक्त ऐकायचं आणि कोण कुठे उभा आहे ते कागदावर लिहायचं. पाचव्याला सुरुवातीचा पडदा तू सोडशील.